पावसाळ्याआधी छोट्या ओटीत काय काय तपासायचं? भूल, ऑक्सिजन, मॉपची मोजणी आणि घाट

खाडीपलीकडे · १८ मे, रात्री ९:१२

जूनच्या तोंडावर मुद्दाम हा धागा काढतोय. डोळ्यासमोर आहेत ती कोकणातली दहा-वीस खाटांची हॉस्पिटलं: सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स, हाडांची कामं. एक ओटी (ऑपरेशन थिएटर), एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) आणि बाहेरून येणारा भूलतज्ज्ञ. पुण्या-मुंबईत पेशंट बिघडला की शेजारच्या ओटीतला भूलतज्ज्ञ धावत येतो. गुहागर, देवगड, मंडणगडात तो तासाभराने येतो, आणि वाटेत झाड पडलं असेल तर येतच नाही. त्यामुळे 'लागलं तर मागवू' हे इथे चालत नाही. जे लागू शकतं ते भूल देण्याआधी हाताशी हवं, आणि ते हाताशी असल्याचं कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं.

सुरुवात ऑक्सिजनपासून. 'सिलिंडर भरलेला आहे' याला अर्थ नाही, किती मिनिटांचा आहे ते सांगा. हिशोब सोपा आहे: सिलिंडरचं पाण्याचं माप गुणिले गेजवरचा आकडा (बारमध्ये). बी टाइप १० लिटरचा. पूर्ण भरला की काटा १५० च्या आसपास, म्हणजे १५०० लिटर. जम्बो साधारण ४७ लिटरचा, म्हणजे ७००० लिटर. बी टाइपचा काटा ५० वर असेल तर ५०० लिटर उरले. मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर १०० मिनिटं. हा तक्ता सिलिंडरजवळ भिंतीवर लावा, रात्री तीन वाजता कुणी गुणाकार करत बसत नाही.

आता यातली मेख. व्हेंटिलेटर भात्याचा असेल आणि भाता ऑक्सिजनच्या दाबावर चालत असेल, तर पेशंटला जातो त्याखेरीज भाता दाबायलाच मिनिटाला आणखी ६ ते ८ लिटर, कधी जास्तही, खर्च होतात. भूल मशीनवरचा छोटा सिलिंडर साधारण ५ लिटर मापाचा, म्हणजे भरलेला असला तरी जेमतेम ७०० लिटर. पाइपलाइन पडली आणि तुम्ही त्या सिलिंडरवर आलात की पहिलं काम: व्हेंटिलेटर बंद, फ्लो कमी, हाताने बॅग. तेवढ्यानेच वेळ कितीतरी वाढतो.

नायट्रसचा (भुलीचा वायू, नायट्रस ऑक्साइड) काटा फसवा. आत द्रव आहे तोवर तो ५० च्या आसपास हलत नाही आणि द्रव संपला की भराभर उतरतो. किती उरलाय ते वजन करूनच कळतं.

आणि एक हात जोडून विनंती: सिलिंडर गळतोय म्हणून योकमध्ये (मशीनवर सिलिंडर अडकवायची चौकट) दोन-दोन वॉशर बसवू नका. ऑक्सिजनच्या पिना २ आणि ५ या जागांवर, नायट्रसच्या ३ आणि ५ वर, ही रचनाच चुकीचा सिलिंडर बसू नये म्हणून आहे. जाड वॉशर लागला की पिना भोकात पुरत्या न शिरताही सिलिंडर बसतो, आणि ते संरक्षण गेलं.

---

चाकरमानी_७ · १८ मे, रात्री १०:०३

बायोमेडिकलच्या बाजूने थोडी भर.

कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) हा ओटीतल्या सिलिंडरला पर्याय नाही. भूल मशीनला साधारण ४ बार दाब लागतो, घरगुती प्रकारच्या कॉन्सन्ट्रेटरचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय वीज गेली की तो बंद. वॉर्डात वापरायचा तर वापरा, पण आपल्याकडच्या दमट हवेत आतलं झिओलाइट (नायट्रोजन शोषणारी खडी) ओल धरतं आणि ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन हळूहळू ८० वर येतो. फ्लोचा गोळा मात्र वरच दिसत राहतो. फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा आणि शुद्धता ॲनालायझरवर महिन्यातून एकदा तरी बघा. मशीनवरचा ऑक्सिजन ॲनालायझरही हवेत २१ आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये १०० दाखवतो का, ते रोज सकाळी.

जनरेटर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळंच पाण्याखाली होतं. तरी अजूनही जनरेटर, मेन पॅनल आणि ऑक्सिजन मॅनिफोल्ड (सिलिंडर पाइपलाइनला जोडणारी जोडणी) तळमजल्यावर किंवा तळघरात बसवतात, कारण तिथे जागा 'फुकट' असते. उंच ओटा तरी बांधा. जनरेटर आठवड्यातून एकदा रिकामा फिरवून भागत नाही; ओटीचा एसी, कॉटरी (विजेने जाळून रक्तस्राव थांबवणारं यंत्र), ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं) असा खरा लोड टाकून वीसेक मिनिटं चालवा. रिकामा चालणारा जनरेटर लोड आल्यावर मान टाकतो. बदल होताना मधले दहा-पंधरा सेकंद जातात, म्हणून मॉनिटर, सिरिंज पंप आणि ओटी लाइट यूपीएसवर हवेत. जुनं बॉईल्स मशीन (यांत्रिक भूल मशीन) विजेशिवाय गॅस देतं, नवी इलेक्ट्रॉनिक वर्कस्टेशन बॅटरीवर जातात. ती बॅटरी किती मिनिटं टिकते हे प्लग काढून वर्षातून एकदा बघितलं नसेल तर कंपनीच्या कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका.

खारी हवा: लॅरिंगोस्कोपच्या (घशात बघून श्वासाची नळी घालायचं उपकरण) हँडलमधली स्प्रिंग आणि ब्लेडचा संपर्कबिंदू हिरवट-पांढरा पडतो. दिवा टेबलावर लागतो आणि तोंडात गेल्यावर मिणमिणतो. संपर्कबिंदू स्पिरिटने पुसून घ्या, वापर नसताना सेल बाहेर काढून ठेवा, आणि प्रत्येक केसला दोन हँडल चालू करून बघा. लेन्सची उपकरणं बुरशीपासून वाचवायला हवाबंद डब्यात सिलिका जेल. जेलचा रंग उतरला की बदला.

---

देवगडकर · १८ मे, रात्री १०:४१

धागा चांगलाय. पण यात आता कुणीतरी 'डब्ल्यूएचओची चेकलिस्ट भरा' (जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेतल्या सुरक्षेची यादी) म्हणेल म्हणून आधीच बोलतो. २००८ साली ती आली, १९ मुद्दे. २००९ मध्ये आठ शहरांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला, त्यात दिल्लीही होतं. मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर, गुंतागुंत ११ वरून ७ वर. सगळे खूश. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओचा अभ्यास आला, शंभरावर हॉस्पिटलं, चेकलिस्ट सक्तीची, आणि मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. आपल्याकडे तर फॉर्म केस संपल्यावर चहासोबत भरला जातो. उगाच कागद कशाला?

---

सुरंगी · १८ मे, रात्री ११:२०

डॉक्टर, दोन्ही अभ्यास खरे आहेत, आणि तुम्ही म्हणता तो चहासोबतचा फॉर्म हे त्यातल्या फरकाचं एक कारण असू शकतं. चेकलिस्ट म्हणजे टिकमार्क नाही, तीन वेळा हात थांबवणं आहे: भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि पेशंट टेबलावरून हलवण्याआधी. तिसरा थांबा सगळ्यात जास्त गाळला जातो, कारण तोवर सर्जन हातमोजे काढून बाहेर गेलेले असतात.

आम्हा सिस्टरांच्या बाजूचं मुख्य काम मोजणी. मॉप (जखमेतलं रक्त टिपायचे कापडी तुकडे) पाच-पाचच्या गठ्ठ्यातच घ्यायचे. सुरुवातीला गठ्ठा सोडून प्रत्येक मॉप वेगळा करून मोठ्याने मोजायचा, कारण गठ्ठ्यात चार किंवा सहाही निघतात. तसा गठ्ठा निघाला तर आकडा 'जुळवून' घ्यायचा नाही, तो अख्खा गठ्ठा ओटीबाहेर. मोजायला दोघं: एक हात धुऊन टेबलाशी उभी असलेली सिस्टर, एक बाहेरून सामान देणारी फिरती सिस्टर. आकडा पांढऱ्या फळ्यावर, सर्जनला दिसेल असा. पोटाचं आवरण शिवण्याआधी एक मोजणी, त्वचेआधी दुसरी. सिझेरियनला गर्भाशय शिवण्याआधीही एक. मॉप कधीच कापायचा नाही. अर्धा मॉप कुठल्याच हिशोबात बसत नाही. एक्स-रेत दिसणारी निळी पट्टी नसलेला साधा गॉज पोटात जाऊच द्यायचा नाही, तो फक्त ड्रेसिंगला.

आकडा चुकला तर क्रम असा: शिवणं थांबवा, जखमेत हाताने शोधा, मग ड्रेप (पेशंटवर अंथरलेलं निर्जंतुक कापड), बादली, जमीन, मामांच्या हातातली पिशवी. नाही सापडला तर टेबलावरच एक्स-रे. 'मी आत काही ठेवलेलं नाही' असं म्हणून सर्जनने शिवायला घेतलं तर सिस्टरने आवाज चढवायचा, आणि तिला तो चढवायची मुभा आहे हे मालक-डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं हवं. आपल्या छोट्या गावांत नेमकी तिथेच गाडी अडते, कारण तीच सिस्टर उद्या त्याच डॉक्टरांकडे पगार मागायला जाणार असते.

---

देवगडकर · १९ मे, सकाळी ७:०५

सुरंगीताई, मान्य. पगाराचं तर शंभर टक्के. मग माझ्याकडूनही भर: बाजू चुकू नये म्हणून खूण भूल देण्याआधी, पेशंट जागा असताना, जो कापणार त्यानेच करायची. बॉलपेनने नाही, स्पिरिटने न पुसल्या जाणाऱ्या मार्करने. आणि ड्रेप टाकल्यावरही दिसेल अशा जागी, नाहीतर उपयोग शून्य. 'फुली' मारू नका; इथेच करायचं की इथे करायचं नाही, दोन्ही अर्थ निघतात. बाण काढा.

अँटिबायोटिक सुरी लावण्याआधी ६० मिनिटांच्या आत. सिफाझोलिन २ ग्रॅम, केस चार तासांवर गेली की पुन्हा. सिझेरियनलाही बाळ बाहेर येण्याची वाट न पाहता छेदाआधीच. वॉर्डात दोन तास आधी 'देऊन टाकलेलं' अँटिबायोटिक धरू नका.

कॉटरी आणि स्पिरिटचं सोल्यूशन: तीन मिनिटं पूर्ण वाळू द्या, केस असलेल्या जागी त्याहून बराच जास्त वेळ, आणि पाठीखाली साचलेली ओली चादर काढून टाका. निळी ज्योत ओटीच्या प्रखर प्रकाशात दिसत नाही.

---

पडवी · १९ मे, सकाळी ९:३०

वैद्यकीय क्षेत्रातली नाही, वाचक आहे. पेशंटच्या घरच्यांनी काय बघावं, काय सांगावं, तेही कुणीतरी लिहा ना.

---

खाडीपलीकडे · १९ मे, दुपारी २:१५

पडवी, उत्तम प्रश्न. सगळ्यात मोठा घोळ उपाशी राहण्याचा. नियम: पाणी किंवा गाळलेलं स्वच्छ पेय २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, इतर दूध किंवा हलकं खाणं ६ तास, तळलेलं-तुपकट-मटण ८ तास. आपल्याकडे 'काही खाल्लं नाही' म्हणणाऱ्या माणसाने पेज घेतलेली असते. पेज पातळ असली तरी भातच आहे, ६ तास. दुधाचा चहा ६ तास. सोलकढीत नारळाचा रस असतो, ती पाण्यात धरू नका. पातळ गाळलेलं कोकम सरबत चालतं. त्यामुळे डॉक्टरांनी आणि सिस्टरने 'जेवलात का' विचारू नये. 'सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं' असं विचारावं. मग मिशेरीही बाहेर येते. मिशेरी, तंबाखू, पान त्या सकाळी नाही. लाळ सुटते, नाडी आणि बीपी वर जातं. पोटात अन्न असताना भूल दिली की ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, हा काही फक्त नियमाचा बाऊ नाही.

घरच्यांनी सांगायच्या गोष्टी: चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन या, नावं आठवत बसू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे पाठीतली भूल पुढे ढकलावी लागू शकते, पण हृदयात स्टेंट असेल तर त्या स्वतःहून अजिबात बंद करायच्या नाहीत, विचारून. डायबेटिसच्या 'फ्लोझिन' शेवट असलेल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. वैदूची पुडी, काढे, सगळं सांगा. आधीच्या ऑपरेशनला भुलीचा त्रास झाला होता का, घरात कुणाला झाला होता का. आणि भातलावणीच्या दिवसांत ताप येऊन गेला असेल तर तो लपवू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि तशा पेशंटच्या मणक्यात सुई घालणं धोक्याचं.

नखांची पॉलिश काढा. मेंदी गडद असेल तर बोटाची ऑक्सिजन मोजणारी क्लिप चुकू शकते, पायाचं किंवा कानाचं बघता येतं.

---

तिवरांचं_बन · १९ मे, दुपारी ४:५०

स्त्रीरोगवाल्यांच्या वतीने. एकाच गोष्टीवर लिहिते, कारण ती जीव घेते.

पाठीतल्या भुलीचं हेवी बुपिव्हाकेन ४ मिलीच्या काचेच्या अँप्युलमध्ये येतं. ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायचं, शिरेतून द्यायचं औषध) ५ मिलीच्या काचेच्या अँप्युलमध्ये. दोन्ही पारदर्शक, दोन्ही सिझेरियनच्या ट्रेमध्ये. ट्रॅनेक्सामिक मणक्यात गेलं की पाठीत-नितंबात असह्य दुखणं, पायांना झटके, मग आकडी, हृदयाचे ठोके बिघडणं. यात अनेक आया दगावल्या आहेत. सिझेरियनला पाठीतल्या २ मिली भुलीने बाई शांत व्हायला हवी, त्याऐवजी ती किंचाळायला लागली तर औषध चुकलंय असंच धरा.

उपाय फुकटचा आहे. ट्रॅनेक्सामिक भूल ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, वेगळ्या कप्प्यात, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या बाजूला. पाठीतल्या भुलीच्या ट्रेमध्ये फक्त त्याच कामाची औषधं. अँप्युल फोडणाऱ्याने नाव मोठ्याने वाचायचं, भूलतज्ज्ञाने डोळ्यांनी वाचायचं, आणि फोडलेलं अँप्युल केस संपेपर्यंत टाकायचं नाही. खरेदी करणाऱ्यालाही सांगा: या महिन्यात ब्रँड बदलला आणि दोन लेबलं सारखी दिसायला लागली तर माल परत.

---

खाडीपलीकडे · १९ मे, रात्री ८:३०

याला जोडून सिरिंजची लेबलं. एका वेळी एकच औषध भरायचं आणि लगेच लेबल. चार सिरिंज भरून मग लेबलं लावणं म्हणजे घोळाला आमंत्रण. रंग ठरलेले आहेत: स्नायू सैल करणारी औषधं लाल, भूल सुरू करणारी पिवळी, अफूवर्गीय निळी, बीपी वाढवणारी जांभळी, जागा बधिर करणारी करडी. दमट हवेत कागदी लेबलं ओल्या सिरिंजवरून निघतात. भरल्यावर सिरिंज पुसा, प्लास्टिक लेबल लावा, एमएल लिहू नका, मिग्रॅ लिहा.

बीपी वाढवायची दोन औषधं: मेफेंटरमिनच्या ३० मिग्रॅ प्रति मिली व्हायलमधला १ मिली घेऊन ९ मिली सलाईन, झाले ३ मिग्रॅ प्रति मिली. फेनिलेफ्रिनचं १० मिग्रॅचं अँप्युल १०० मिली सलाईनमध्ये, झाले १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. हे सिझेरियनच्या पाठीतल्या भुलीआधीच भरून हवं. बीपी पडल्यावर अँप्युल फोडायला घेतलं तर उशीर झाला.

फिरत्या भूलतज्ज्ञांची बॅग: सक्सिनिलकोलिन, ॲट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची आहेत. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ती राहिली तर जोर कमी होतो आणि नेमकं नळी घालताना जबडा उघडत नाही. बाहेर काढलेल्या सक्सिनिलकोलिनच्या व्हायलवर तारीख टाका आणि दोन आठवड्यांनी टाकून द्या. ऑक्सिटोसिनही (गर्भाशय आकुंचन पावायला देतात ते) फ्रिजचंच.

आता नळी श्वासनळीतच गेली की नाही. बोटावरची क्लिप हे उत्तर नाही. तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिलेल्या निरोगी माणसाची नळी अन्ननलिकेत असली तरी सॅच्युरेशन काही मिनिटं ९९ दाखवत राहतं, आणि ते पडायला लागेपर्यंत तुम्ही 'आवाज येतोय छातीत' म्हणत बसलेले असता. कॅप्नोग्राफवर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) श्वासागणिक टिकणारी लाट दिसली पाहिजे. लाट नाही म्हणजे नळी चुकीच्या जागी, उलट सिद्ध होईपर्यंत. हृदय थांबलेलं असतानाही चांगली छाती दाबली तर छोटी लाट येते, तेव्हा 'बीपीच नाही म्हणून लाट नाही' ही सबब चालत नाही. पावसात सॅम्पलिंग लाइनमध्ये पाणी साचून मशीन लाट दाखवेनासं होतं. केसआधी वॉटर ट्रॅप रिकामा, नवी लाइन हाताशी, आणि आधी स्वतः नळीत फुंकून लाट येते का पहा.

बेन सर्किट (नळीत नळी असलेलं श्वासाचं सर्किट) वापरणाऱ्यांनी आतली बारीक नळी रोज तपासा. ऑक्सिजन सोडा, २ मिली सिरिंजचा दट्ट्या पेशंटच्या टोकाकडून आतल्या नळीच्या तोंडावर दाबा. फ्लोमीटरचा गोळा किंचित खाली बसला तर नळी धड आहे. नाही बसला तर ती मशीनकडून निखळली आहे किंवा चिरली आहे, आणि पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढणार.

---

चाकरमानी_७ · १९ मे, रात्री ९:१०

निखळलेली आतली नळी बाहेरून दिसत नाही, हे अधोरेखित. तिथे फेव्हिक्विक लावलेलीही सर्किटं असतात. थेट कचऱ्यात.

---

देवगडकर · २० मे, सकाळी ६:५०

जागा बधिर करण्याबद्दल कुणी बोललं नाही. 'लोकलच तर आहे' म्हणून ५० किलोच्या माणसाला दोन टक्के लिग्नोकेनची ३० मिलीची बाटली रिकामी करणारे आहेत. दोन टक्के म्हणजे मिलीला २० मिग्रॅ. साधं लिग्नोकेन किलोमागे ३ मिग्रॅ, म्हणजे १५० मिग्रॅ, फक्त साडेसात मिली. ॲड्रेनलिनसह किलोमागे ७, म्हणजे साडेसतरा मिली. बुपिव्हाकेन किलोमागे २. जास्त जागा लागत असेल तर पातळ करा, मिलीग्रॅम वाढवू नका.

---

खाडीपलीकडे · २० मे, सकाळी १०:२५

बरोबर. विषबाधेची सुरुवात ओठाभोवती मुंग्या, कानात आवाज, बडबड. पुढे आकडी आणि हृदय. त्यावर उतारा २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं पांढरं स्निग्ध द्रावण), किलोमागे दीड मिली एकदम, ५० किलोला ७५ मिली, मग किलोमागे पाव मिली दर मिनिटाला. म्हणजे २५० मिलीच्या दोन बाटल्या तरी हव्यात आणि त्या ओटीतच हव्यात, मेडिकल स्टोअरच्या कुलपात नाही. प्रोपोफॉल (भूल सुरू करायचं औषध) पांढरं दिसतं म्हणून ते पर्याय नाही.

शेवटचं, पेशंट मोठ्या हॉस्पिटलला पाठवताना. समजा आंबा घाटातून कोल्हापूर, साडेतीन तास धरा, मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन. झाले २१०० लिटर. एक बी टाइप १५०० चा, म्हणजे पुरत नाही, दोन भरलेले हवेत. सावंतवाडी-दोडामार्गहून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेज) जाणाऱ्यांचा वेळ कमी असेल, पण गणित हेच. निघण्याआधी घाट उघडा असल्याचं पोलिसांकडून कळलेलं, समोरच्या हॉस्पिटलला पेशंट काय आहे हे फोनवर सांगितलेलं. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची) आणि मास्क पेशंटच्या उशाशी, सामानाच्या पिशवीत नाही. दोन चालू सलाईन लाइन, आणि भुलीचा कागद मूळ, फोटो नाही, कारण रेंज घाटात जाते.

---

तिवरांचं_बन · २० मे, सकाळी ११:०२

त्यात रक्त जोडा. रक्तपेढी तास-दीड तासावर असेल तर क्रॉसमॅच केलेल्या (पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघितलेल्या) पिशव्या ठरवलेल्या सिझेरियनला आदल्या संध्याकाळीच, विशेषतः आधी दोन सिझेरियन झालेली किंवा वार खाली असलेली बाई असेल तर. पिशवी थर्मास-बॉक्समध्ये बर्फाच्या गोळ्याला चिकटवून आणू नका, मध्ये कापडाची घडी हवी. गोठलेल्या रक्तपेशी फुटतात. बाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपवायची. आणि लावताना पिशवीवरचा नंबर व बाईच्या हातावरचा पट्टा, दोघांनी मिळून, खाटेजवळ उभं राहून वाचायचा. फाइल टेबलावर ठेवून नाही.